बोंबलावर शिकलेला टाका

मला राग लवकर येतो. घरात, हॉस्पिटलात, मांडव्याच्या जेट्टीवर तिकिटाच्या रांगेत, कुठेही. त्यातले बरेचसे राग मी संध्याकाळपर्यंत विसरून जाते. एक राग मात्र गेली काही वर्षं टिकून आहे. आधी तो सगळ्या जगावर होता. आता तो कुणावर आहे, ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

मी सर्जन आहे. रेवदंड्याहून अलिबागकडे निघालं की चौलच्या वाड्या लागतात, त्या बाजूला आमचं ट्रस्टचं छोटंसं हॉस्पिटल आहे. एक ऑपरेशन थिएटर, एक वॉर्ड, बाळंतिणींची एक खोली आणि फाटकावर एक पाटी: आवारात मांसाहार आणण्यास सक्त मनाई आहे. पाटी लावणारे शेठ आमचे मुख्य विश्वस्त. त्यांच्या आजोबांनी ही जागा दिली, तेव्हापासून हा नियम. कोळीवाड्याच्या एवढं जवळ हॉस्पिटल, निम्मे पेशंट कोळी आणि मुसलमान, आणि डब्यात सुकट आणली म्हणून वॉचमन बाळंतिणीच्या आईला परत पाठवतो. माझा पहिला राग तिथलाच.

पण खरा राग अंतर्गळाचा. लहान मुलांच्या जांघेत फुगवटा येतो, रडलं की वाढतो, झोपलं की जातो. पोटातून खाली येणारी एक वाट जन्मानंतर मिटायला हवी, ती मिटत नाही आणि त्या वाटेने आतडं खाली उतरतं. ऑपरेशन फार मोठं नाही. नाण्याएवढी चीर, आतली पातळ पिशवी शोधायची, तिला चिकटलेल्या शिरा आणि शुक्रवाहिनी अलगद बाजूला करायची, पिशवीच्या मुळाशी एक टाका घालून बांधायचं. मोठ्या माणसांचे असे हर्निया मी ढिगाने केले आहेत. पण तीन महिन्यांच्या बाळाची ती पिशवी ओल्या कागदासारखी असते. धरली की फाटते. आणि शिकताना माझ्या वाट्याला फक्त बाजूला उभं राहून धरून ठेवायचं काम आलं होतं. सर करायचे, मी धरायचे. तीन वर्षं मी उत्तम धरलं.

म्हणून आमच्याकडे असं बाळ आलं की मी चिठ्ठी लिहायचे: मुंबईला न्यावे.

अशीच एक चिठ्ठी मी एका आजीच्या हातात दिली होती. खाडीकाठच्या गावातलं मुसलमान कुटुंब, दोन्ही मुलगे आखातात नोकरीला, घरात आजी आणि दोन सुना. थोरल्या सुनेचा पहिला मुलगा दीड महिन्याचा. फुगवटा अडकलेला, कडक, लालसर, बाळ हिरवं ओकत होतं. मी भूल न देता जेवढं हलक्या हाताने आत ढकलता येईल तेवढं ढकलून पाहिलं. गेलं नाही. दिवस रविवार, दुपारची वेळ, त्यात सुट्ट्या जोडून आलेल्या. वाऱ्यामुळे मांडव्याहून मुंबईला जाणारी रो-रो बोट बंद. म्हणजे रस्ता. आणि रविवारी दुपारी आमच्याकडच्या सगळ्या बंगल्यांतली माणसं मुंबईला परत निघतात. पोयनाडपासून वडखळपर्यंत गाड्याच गाड्या, छपरांवर छोट्या होड्या बांधलेल्या, खिडकीतून कुत्री बाहेर बघतायत, आणि त्यांच्या मागे सायरन वाजवत उभी असलेली आमची अॅम्ब्युलन्स. कुणी वाट द्यायची म्हटली तरी सरकायला जागाच नव्हती. बाळ मुंबईला पोचेपर्यंत दिवस मावळला. वाचलं. पण चार बोटं आतडं आणि एक अंड काढावं लागलं.

आजी महिन्याभराने त्याला घेऊन मला दाखवायला आली. पोटावर मोठा आडवा व्रण. मी त्या गर्दीला, त्या रस्त्याला, सरकारला, बंगलेवाल्यांना भरपूर बोलले. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला येत न्हाय काय गो हे?"

मी पुढच्या पेशंटला हाक मारली. चिडचिड झाली ती त्या प्रश्नाची.

मग मी मुंबईला एका कार्यशाळेला गेले. लहान मुलांच्या ऑपरेशनचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, असं पत्रकात छापलं होतं. फी एवढी होती की घरात मी कुणाला सांगितली नाही. मोठ्या हॉटेलातला हॉल, प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र, मध्यभागी टेबलावर परदेशातून आणलेलं रबरी बाळ. ते बाळ एक आणि आम्ही तीस. शिकवणारे हुशार होते, मनापासून शिकवत होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रांगेत माझा नंबर आला तेव्हा जेवणाची वेळ झाली होती आणि त्या बाळाची पिशवी माझ्या आधीच्या दहा जणांनी फाडून ठेवली होती. बदलायची दुसरी पिशवी शिल्लक नव्हती. मी फाटलेल्यावर दोन टाके घातले. संध्याकाळी मला सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र मिळालं.

तिथे मी विचारलं होतं, "आमच्या थिएटरच्या सिस्टरला पाठवू का पुढच्या वेळी?" आयोजक बाई गोड हसल्या. "ही फक्त सर्जनसाठी आहे, मॅडम." जणू सर्जन एकटाच ऑपरेशन करतो. माझ्या हातात योग्य वेळी योग्य चिमटा कोण देतं, हे त्या हॉलमध्ये कुणाला माहीतच नव्हतं बहुतेक.

आमची सिस्टर रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली. वीस वर्षं आमच्याकडे आहे. थिएटर नसेल तेव्हा बाळंतिणींच्या खोलीत असते, आणि नव्या आयांना बाळ न्हाऊ घालायला शिकवते. पाणी हाताने बघू नको, हात कामाचे असतात, त्यांना कळत न्हाय; कोपर बुडव, कोपराला जे सोसंल तेच बाळाला सोसंल. हे तिचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की मला ते पाठ झालं होतं. पाठ होतं, एवढंच.

प्रमाणपत्र घेऊन मी परत आले आणि तिच्यासमोर तणतणले. रबरी बाळाची किंमत सांगितली. ती ट्रे पुसत होती. म्हणाली, "मॅडम, एवढा पातळ पडदा तर आमच्या बोंबलाच्या पोटात असतो. बोट लावलं तरी फाटतो. मी रोज साफ करते, मला म्हाईत हाय."

मी विचारलं, त्या पडद्यावर टाका शिकता येईल का?

फाटकावरच्या पाटीमुळे हॉस्पिटलात काही करता येणार नव्हतं. शेठना विचारून पाहिलं. "मॅडम, मच्छी? थिएटरमां?" एवढंच म्हणाले आणि हात जोडले. म्हणून सोमवारी दुपारी, ओपीडी संपली की, मी सिस्टरच्या घरच्या पडवीत जायला लागले. सोमवारी त्यांच्या घरात मासे खात नाहीत, त्यामुळे आलेल्या बोंबलांवर कुणाचा डोळा नसे. एक मांजर सोडून.

आमची सामग्री अशी: साबणाची प्लॅस्टिकची डबी, तिच्या झाकणाला नाण्याएवढं भोक. आत पोट चिरलेला ओला बोंबील. त्याच्या पोटातल्या पडद्याखाली सिस्टरने दोन दोरे सरकवून ठेवलेले, एक लाल आणि एक पांढरा. लाल म्हणजे शिरा, पांढरा म्हणजे शुक्रवाहिनी. अलिबागच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी टाकून दिलेले बारीक चिमटे, आणि मुदत संपलेले टाक्याचे धागे. भोकातून आत जायचं, पडदा उचलायचा, दोऱ्यांपासून सोडवायचा, पिळायचा, मुळाशी बांधायचा. पडदा फाटला तर बोंबील बाद. पांढरा दोरा तुटला तर सिस्टर म्हणायची, "झालं. ह्या पोराला आता पोर व्हायचं न्हाय." आणि दुसरा बोंबील काढायची.

पहिल्या सोमवारी मी सगळे बोंबील फाडले. मला इतका संताप आला की डबी अंगणात फेकली. सिस्टरच्या सासूबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. "डॉक्टरीन हाय का म्हशी राखणारी?" असं त्यांनी सुनेला विचारलं, मला ऐकू जाईल अशा बेताने. डबी मीच उचलून आणली.

एक अडचण होती. बोंबील मुळात पाण्याचा. बाहेर काढून ठेवला की अर्ध्या तासात लिबलिबीत होतो, मग त्यावर शिकण्यासारखं काही उरत नाही. उपाय सिस्टरकडेच होता. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, बर्फात बोंबील, आणि काम चालू असताना सिरिंजने वरून बर्फाचं पाणी. "बरफ न्हाय तर बोंबील र्‍हायाचा न्हाय." गार पाण्याने पडदा जरा ताठ राहायचा, नीट दिसायचा, चिमट्यात यायचा. मी खूश. तशी लयच जमली आमची. मी "पाणी" म्हणायचे, ती पाणी घालायची. चिमटा, पाणी. धागा, पाणी. बोटं बधिर व्हायची, पण पडदा फाटायचा नाही. ही युक्ती मुंबईतल्या त्या हॉलमध्ये जाऊन सांगावी, असंसुद्धा माझ्या मनात यायचं.

दिवाळीनंतर सुरू केलं होतं. होळीपर्यंत मी ओळीने सात-आठ बोंबील न फाडता बांधायला लागले. सिस्टरही बांधायला लागली, माझ्यापेक्षा बरी. थिएटरमध्ये माझ्या हाताला येणारा बोंबलाचा वास साबणाने जात नसे. एकदा शेठ राउंडला आले आणि नाक वर करून थांबले. मी म्हटलं, ड्रेनेजचं काम काढायला हवं. त्यांनी खरंच प्लंबर पाठवला.

एप्रिलमध्ये तीच आजी आली. थोरल्या सुनेचा दुसरा मुलगा, तीन महिन्यांचा, गोल गरगरीत, जांघेत तोच फुगवटा. अजून अडकलेला नव्हता, दाबला की आत जात होता. मी सवयीने चिठ्ठीचा कागद पुढे ओढला. आजीने कागदावर हात ठेवला.

"पयल्याला तू मुंबईला धाडलास. याला न्हाय धाडायचा. हितं कर."

"आजी, मी अजून एवढ्या लहान मुलाचं..."

"दोन वर्सां झाली. शिकली नसशील तर तसं सांग."

मी सांगितलं, शिकले आहे. बोंबलावर शिकले हे नाही सांगितलं.

भूलतज्ज्ञ अलिबागहून स्कूटरवर येतात. निवृत्त माणूस, तोंडाने फटकळ, पण लहान मुलांना भूल द्यायला आमच्या बाजूला तेवढे एकच. त्यांनी बाळाला दोनदा तपासलं, आईला दहा प्रश्न विचारले, आणि म्हणाले, "देतो. पण हात चालवा. पिकनिक करू नका." शेठही हो म्हणाले. त्यांच्या डोक्यात फाटकावर दुसरी पाटी लावायचं होतं: येथे लहान मुलांच्या शस्त्रक्रिया केल्या जातील. मला त्या पाटीचं काही नव्हतं, पण पाटी लागली तर ते बाळांसाठी तापवायची गादी घेतील, एवढा हिशोब मी मनाशी केला होता.

मंगळवारी सकाळी ऑपरेशन. बाहेर ऊन असं की वाडीतल्या सुपाऱ्यासुद्धा गप्प. आत एसी जोरात, कारण गाऊन घालून उभं राहिलं की आम्हाला घाम फुटतो. बाळ झोपलं. मी चीर दिली, नाण्याएवढी, अगदी झाकणावरच्या भोकाएवढी. आत गेले. आणि ती पिशवी मला दिसली. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कारण ती अनोळखी नव्हती. पातळ, ओली, चिमट्यात धरू देते न देते अशी. मी तिला कितीतरी सोमवार ओळखत होते.

"चिमटा. पाणी."

सिस्टरने पाणी घातलं. हाताला गार लागलं, आणि मला बरं वाटलं. सरावात तसंच लागायचं. ते वाक्य मी मुद्दाम पुन्हा लिहिते. हाताला गार लागलं आणि मला बरं वाटलं.

शिरा सुटल्या. शुक्रवाहिनी सुटली, पांढरी, दोऱ्यासारखी, न दुखावता. "पाणी." पिशवी पिळली. "पाणी." मुळाशी टाका. फाटलं नाही. कुठेही फाटलं नाही. मी मास्कच्या आत हसत होते. त्या रस्त्याला, त्या होड्या बांधलेल्या गाड्यांना, त्या सोनेरी किनारीच्या प्रमाणपत्राला मनातल्या मनात वाकुल्या दाखवत होते.

"नाडी खाली येतेय," भूलतज्ज्ञ म्हणाले. मग लगेच, वेगळ्या आवाजात, "थांबा. हात थांबवा. काय घालताय तुम्ही?"

त्यांनी चादरीखाली हात घातला. बाळाच्या पाठीखाली तळं झालं होतं. चादरी चिंब. बाळाचं अंग गार. त्यांनी सलाइनची बाटली उचलून गालाला लावली आणि ओरडले, "ही फ्रीजमधली आहे!"

मी सिस्टरकडे वळले आणि ओरडले, "फ्रीजमधली? तुला कुणी सांगितलं?"

तिचे डोळे मास्कच्या वर नुसते मोठे झाले. हळू म्हणाली, "बोंबलाला घालतो तसंच."

ती सकाळी लवकर आली होती. पिशवी पातळ असणार, ताठ राहायला हवी, म्हणून दोन बाटल्या आठवणीने फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरायची तितक्याच काळजीने.

मेलेल्या माशाला गारवा लागतो. तीन महिन्यांच्या जिवंत बाळाला गारव्यासारखा शत्रू नाही. हे मला माहीत नव्हतं का? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला माहीत असतं. माझ्या डोक्याला माहीत होतं. पण हातांना मी पाच महिने दुसरंच शिकवलं होतं, माझ्याही आणि तिच्याही.

एसी बंद केला. ओल्या चादरी ओढून काढल्या, बाळाला कापसात गुंडाळलं, कोमट सलाइनच्या बाटल्या कापडात लपेटून दोन्ही बाजूंना ठेवल्या. मी दोन टाके घालून कातडी बंद केली. भूलतज्ज्ञ हवेची रबरी पिशवी दाबून श्वास देत राहिले. बाळ उठेना. श्वास घ्यायचं, मग विसरायचं. पुन्हा घ्यायचं. त्या खोलीत तासभर घाम आमच्या गाऊनमधून खाली टपकत होता आणि कुणी एसीकडे बघितलं नाही. मग बाळाने एक पाय झाडला. नंतर तोंड वाकडं केलं आणि रडलं. भूलतज्ज्ञ स्टुलावर बसले आणि चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

सिस्टर कपडे बदलायच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी होती. "मी घातलं, मॅडम. रोज बायांना सांगते, कोपर बुडव, कोपर बुडव. आन् मीच..." मला तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, "पाणी मी मागितलं," आणि बाहेर आले. तेवढंच जमलं.

दुपारी शेठ आले, पेढे घेऊन. बातमी अर्धीच पोचली होती. मी उरलेली सांगितली. ते खुर्चीत जरा मागे झाले. "बाळ बरं आहे ने?"

"बरं आहे. आईच्या अंगाशी आहे. दूध पितंय."

"मग जुओ मॅडम, झालं ते झालं. कागदावर शुं काम लिहायचं? तुम्ही लिहिणार, दुसरे ट्रस्टी वाचणार, मग बंद करा म्हणणार. मी कसा रोकू?"

माणूस वाईट नव्हता, आणि त्याचं चूक नव्हतं. न लिहिलं तर पुढची बाळं इथे होतील. लिहिलं तर पुन्हा चिठ्ठी, पुन्हा वडखळ. सरळ हिशोब होता. पण न लिहिलं तर सिस्टर आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली असती, आणि दुसऱ्या कुठल्यातरी पडवीत दुसरं कुणी बर्फाचं पाणी घालत बसलं असतं. भूलतज्ज्ञांनी त्यांच्या कागदावर तापमान लिहिलंच होतं. मी माझ्या कागदावर लिहिलं: सरावातल्या सवयीमुळे थंड द्रव वापरला गेला, सराव मी घेतला होता.

मग आजीकडे गेले. ती वॉर्डच्या बाकावर बसली होती. मी सगळं सांगितलं, बोंबलापासून. माझ्या मते ती उठून ओरडणार होती, आणि तिने ओरडावं अशी माझी इच्छा होती. तिने माझ्या हातांकडे बघितलं.

"पोर जगला?"

"हो."

"दोन्ही हायत त्याची?"

"आहेत, आजी."

तिने पदर सारखा केला. "मंग पुढच्याला उबेत ठेव. धाकट्या सुनेला सातवा लागलाय. आमच्या घरातल्या पोरांना हे हाय, तुला म्हाईत हाय."

ट्रस्टने बंद केलं. ठराव असा: थिएटरमधील सर्व संबंधितांचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण होईपर्यंत एक वर्षाखालील मुलांच्या शस्त्रक्रिया स्थगित. सर्व संबंधित. म्हणजे सिस्टरसुद्धा. मी त्या हॉटेलवाल्या आयोजकांना फोन केला. "ही फक्त सर्जनसाठी आहे, मॅडम." मी आणखी दोन ठिकाणी विचारलं. एक दिल्लीला, एक परदेशात. सिस्टरला कुठेच जागा नव्हती, आणि सिस्टरशिवाय आम्हाला परवानगी नव्हती. मी फोन आपटला. तो फुटला, तेवढाच नवा खर्च.

मेच्या मध्यावर किहीमचं एक बाळ आलं, दोन महिन्यांचं. मी चिठ्ठी लिहिली. मुंबईला न्यावे. बुधवार होता, रस्ता मोकळा होता, बाळ वेळेत पोचलं. नशीब. मला नशिबाचा फार राग येतो.

त्या सगळ्या दिवसांत मी कोळीवाड्यात गेले नव्हते. सिस्टरशी कामापुरतं बोलत होते. मेच्या शेवटच्या सोमवारी ओपीडी संपली, आणि ती दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, एक तारखेपासून मासेमारी बंद, होड्या वर घेणार. मंग ऑगस्टपातूर बोंबील न्हाय. येताय काय?"

"कशाला? बंद केलंय त्यांनी."

"त्यांनी केलंय. आजीच्या सुनंनं न्हाय."

गेले. पडवी तीच, मांजर तेच, सासूबाई उंबऱ्यात. साबणाची डबी धुऊन पालथी घातलेली. पण थर्माकोलचं खोकं आत, लांब, झाकण लावून. डबीशेजारी एक थर्मास आणि एक वाटी. सिस्टरने एकच बोंबील बर्फातून काढला, दोरे सरकवले, आणि कोमट पाणी घालून माझ्यासमोर ठेवला.

मी भोकातून आत गेले. पडदा उचलतेय तोच विरघळल्यासारखा सुटला. कोमट पाण्यात बोंबील टिकतच नाही. दुसरा घेतला. लाल दोरा सोडवला आणि पडदा फाटला. तिसरा. चौथा. पाच महिन्यांची माझी सगळी हुशारी बर्फाची होती, माझी नव्हतीच. पडदा ताठ होता म्हणून मी त्याला ओढत होते, आणि ओढते आहे हे मला कळतसुद्धा नव्हतं. राग आता माझ्याच हातांवर होता, आणि डबी पुन्हा अंगणात फेकावीशी वाटली. सासूबाईंकडे बघितलं आणि फेकली नाही.

खोक्यात एकच उरला.

सिस्टरने तो माझ्यासमोर ठेवला. मग थर्मासमधलं पाणी वाटीत ओतलं, बाही वर सरकवली आणि कोपर बुडवलं. जरा थांबली. थोडं गार पाणी मिसळलं, पुन्हा कोपर बुडवलं. आजवर कितीतरी बायकांना शिकवताना मी तिला हे करताना पाहिलं होतं, दारातून जाता जाता.

मी चिमटा हातात घेतला, आणि सवयीने तोंड उघडलं.

"मॅडम," ती म्हणाली, "पाणी मागू नका. पाण्याचं मी बघीन."

वीस वर्षांत ती माझ्याशी अशी पहिल्यांदा बोलली. मी तोंड मिटलं, आणि पडदा न ओढता, चिमटा नुसता टेकवून, उचलायला लागले.